खेळण्यांच्या पोटांतील वास

मुलांच्या खेळण्यांचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार खेळण्याचा आकार, रंग व किंमत यांविषयीं विस्तारानें लिहितात. त्याच्या वासाविषयीं मात्र बहुधा मौन पाळतात. वस्तुतः ज्या घरांत दोन-तीन वर्षांचें मूल आहे आणि त्या मुलाचें एखादें कापडी अस्वल, ससा किंवा बाहुली आहे, त्या घरांतील माउलीस हा विषय मुळींच नवा नाहीं. मूल तें खेळणें घेऊन निजतें, त्याचा कान चोखतें, त्याच्यावर दूध सांडतें, पावसाळ्यांत ओल्या फरशीवर टाकून देतें आणि तापांत उराशीं धरून घामानें भिजवितें. महिन्या-दोन महिन्यांत त्या प्राण्यास असा कांहीं वास येऊं लागतो कीं, पाहुणे आले म्हणजे तें पलंगाखालीं सारावें लागतें. हा वास घालवावा कसा, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु त्याच्या मागें गेल्या दोनशे वर्षांचा मोठा इतिहास आहे. त्यांत चिंध्यांचा व्यापार आहे, साथीचे रोग आहेत, जंतुशास्त्र आहे, आणि ब्रिटिश पार्लमेंटचे दोन कायदेहि आहेत.

कापडी खेळणें ही वस्तु स्वतः फार जुनी आहे. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें रोमन अमलाखालील इजिप्तांत सांपडलेली एक बाहुली आहे. तिचें अंग जाड्याभरड्या लिनन कापडाचें असून पोटांत चिंध्या व पपायरसचे तुकडे कोंबलेले आहेत. मराठी घरांतहि लांकडी ठकीच्या जोडीस चिंध्यांची बाहुली असे. आजीचें जुनेर शंभर वेळां धुवून मऊ झालेलें. त्याचा एक तुकडा गोधडीस जाई, दुसरा बाळाच्या दुपट्यास, आणि उरल्यासुरल्या चिंध्या बाहुलीच्या पोटांत. अशी बाहुली मळली, वास मारूं लागली, तर ती उसवावी, आंतील चिंध्या काढून टाकाव्या, वरचें कापड धुवावें, आणि दुपारच्या निवांत वेळीं पुन्हां शिवून काढावी. बाहुलीच्या पोटांत काय आहे हें घरांतील सर्वांस ठाऊक असे. ज्या चिंध्या आंत गेल्या, त्या कोणाच्या अंगावरच्या, हेंहि ठाऊक असे. खेळणें घरांत होण्याऐवजीं कारखान्यांत होऊं लागलें, तेव्हां ही माहिती प्रथम नाहींशी झाली. आणि येथूनच वासाच्या प्रश्नास खरी सुरुवात झाली.

इंग्लंडांत यॉर्कशायर परगण्यांत बॅटली नांवाचें एक गांव आहे. तेथें १८१३ च्या सुमारास बेंजामिन लॉ या कापड करणाऱ्यानें जुन्या लोंकरी चिंध्या फाडून, पिंजून, त्यांत थोडी नवी लोंकर मिसळून पुन्हां सूत काढण्याची युक्ति काढली. या मालास ‘शॉडी’ असें नांव पडलें. चिंध्या फाडणाऱ्या दातेरी यंत्रास कामकरी लोक ‘डेव्हिल’, म्हणजे सैतान, असें म्हणत. तें नांव अगदींच अयोग्य नव्हतें. युरोपभरच्या चिंध्यांचे गठ्ठे बॅटली व शेजारच्या ड्यूसबरी या गांवीं येऊं लागले. चिंध्यांपैकीं ज्यांचें सूत निघण्यासारखें नसे, त्यांचा पिंजून भुगा करीत व तो गाद्या, उशा, खुर्च्यांच्या बैठकी यांत भरीत. या भुग्याचें इंग्रजी नांव ‘फ्लॉक’. चिंध्या कोठून आल्या, कोणी नेसल्या, कोणत्या रोग्याच्या अंथरुणांत होत्या, हें विचारण्याची पद्धत नव्हती. आणि पिंजण्यापूर्वीं त्या धुवाव्या, असें बंधन तर मुळींच नव्हतें. धुण्यास पाणी लागे, वाळविण्यास जागा लागे, आणि दोहोंसहि पैसा लागे.

कारखान्यांत होणाऱ्या मऊ खेळण्यांचा उगम मात्र जर्मनींतील. वुर्टेम्बर्गमधील गिंगेन या गांवीं मार्गारेट स्टाइफ नांवाची एक शिवणकाम करणारी बाई राहत असे. लहानपणींच्या पोलिओनें तिचे पाय गेलेले होते व ती चाकांच्या खुर्चीवर बसूनच काम करी. १८८० सालीं तिनें फेल्टचा एक चिमुकला हत्ती टांचण्या टोंचण्यासाठीं म्हणून केला. मुलांनीं तो टांचण्यांकडून हिरावून घेतला. पुढें तिचा पुतण्या रिचर्ड यानें १९०२ सालीं सांध्यांतून हातपाय हालणारें अस्वल रचलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझव्हेल्ट यांनीं बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडण्याचें नाकारल्याची हकीकत व्यंगचित्रांतून गाजली, आणि ‘टेडी’ हें त्यांचें घरगुती नांव सगळ्या जगांतील कापडी अस्वलांस चिकटलें.

या अस्वलांच्या पोटांत प्रथम लांकडी लोंकर असे, म्हणजे लांकूड तासून काढलेले बारीक, लांब तंतु. त्यानें खेळणें टणक व घाटदार होई. परंतु एकदां का तें भिजलें कीं आंतून वाळणें कठीण, व न वाळलें तर कुजून बुरशीचा वास ठरलेला. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजी खेळण्यांत कापोक वापरूं लागले. हा जावा बेटाकडून येणारा, आपल्याकडील सावरीच्या कापसाचा सख्खा भाऊ. त्याच्या तंतूंवर मेणासारखा थर असतो व पाणी त्यांत सहजासहजीं शिरत नाहीं. म्हणूनच समुद्रावरील प्राणरक्षक जाकिटांतहि तो भरीत. पण हा सर्व चांगल्या मालाचा वृत्तान्त झाला. स्वस्त मालांत हाताला लागेल तें जाई, आणि हाताला सर्वांत स्वस्त लागे तो चिंध्यांचा भुगा.

आतां वासाकडे वळावयाचें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपांतील मोठमोठ्या विद्वानांची अशी दृढ समजूत होती कीं, दुर्गंधि हीच रोगाचें कारण आहे. लंडनच्या आरोग्यसुधारणेचे अध्वर्यु एडविन चॅडविक यांनीं १८४६ सालीं पार्लमेंटच्या समितीपुढें साक्ष देतांना वास आणि रोग यांत जवळजवळ भेदच ठेविला नाहीं. हें मत एकदां स्वीकारलें म्हणजे उपाय सोपा होतो: वास मारला कीं रोग मेला. म्हणून गंधक जाळणें, व्हिनेगर शिंपडणें, चुन्याची ब्लीचिंग पावडर पसरणें, आणि पुढें डांबरापासून काढलेलें कार्बोलिक ॲसिड फवारणें, हे उपाय घरोघर चालत. महाराष्ट्रांत बाळंतिणीच्या खोलींत शेगडीवर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग टाकून बाळास व त्याच्या कपड्यांस धुरी देण्याची चाल आहे. तिच्या मागची कल्पना याहून फारशी निराळी नाहीं. फरक इतकाच कीं ओव्याचा वास कार्बोलिकपेक्षां पुष्कळ बरा.

या काळांतहि एका माणसाने निराळी वाट धरली होती. मँचेस्टरचे रसायनशास्त्रज्ञ विल्यम हेन्री यांनीं १८३१ च्या सुमारास वासाचा विचार बाजूस ठेवून उष्णतेचा विचार केला. ‘स्कार्लेट फीव्हर’ या लाल पुरळाच्या सांसर्गिक तापाच्या रोग्यांनीं घातलेल्या फ्लॅनेलच्या बंड्या त्यांनीं कांहीं तास तापविल्या आणि मग त्या निरोगी मुलांच्या अंगांत घातल्या. मुलांस ताप आला नाहीं. प्रयोग यशस्वी झाला खरा, पण आज असें करूं धजणाऱ्या डॉक्टरास मानमान्यतेऐवजीं तुरुंग मिळेल. जंतूंची कल्पना तेव्हां कोणास नव्हती. तरी कपड्यांत कांहींतरी असतें व तें उष्णतेनें नष्ट होतें, इतकें हेन्री यांस दिसलें होतें.

जंतूंचा शोध लागल्यावर या प्रश्नाची दोन शकलें झालीं. १८७७ सालीं डाउन्स व ब्लंट या दोघां इंग्रज शास्त्रज्ञांनीं सेंद्रिय द्रवानें भरलेल्या कांचेच्या नळ्या उन्हांत ठेवल्या; कांहीं उघड्या, कांहीं शिशाच्या पत्र्यांत गुंडाळलेल्या. गुंडाळलेल्या नळ्यांतील द्रव जंतु वाढून गढूळ झाला. उन्हांतील स्वच्छ राहिला. अंथरुणें-पांघरुणें उन्हांत घालणाऱ्या आपल्या आजींस यांत नवल वाटण्यासारखें कांहींच नव्हतें. पण त्यांस कारण ठाऊक नव्हतें, तें आतां कळलें. १८८१ सालीं रॉबर्ट कॉख व त्यांचे सहकारी यांनीं बर्लिनमध्यें नामांकित जंतुनाशकांची परीक्षा घेतली, तेव्हां गंधकाची धुरी अगदींच दुबळी ठरली आणि पाण्याची वाफ फार प्रभावी ठरली. यांतून निघालेली गोष्ट साधी होती: वास गेला म्हणजे रोग गेला असें नव्हे, आणि वास नाहीं म्हणजे रोग नाहीं असेंहि नव्हे. गुलाबपाण्यांत भिजविलेलें अस्वल रोग पसरवूं शकतें.

परंतु वाफेची यंत्रें रुग्णालयांत असत, घरांत नसत. आणि पोटांत लांकूड भरलेल्या खेळण्यास वाफ सोसतहि नसे. म्हणून घरोघर सोपा उपाय चाले, तो म्हणजे जाळणें. संसर्गजन्य तापाच्या रुग्णालयांत मुलानें बरोबर नेलेलें खेळणें पुष्कळ ठिकाणीं घरीं परत येऊं देत नसत. मार्जरी विल्यम्स यांची ‘द व्हेल्व्हेटीन रॅबिट’ ही १९२२ मधील बालकथा याच रूढीवर उभी आहे. मूल स्कार्लेट तापांतून उठतें, आणि रात्रंदिवस त्याच्या कुशींत असलेला मखमली ससा डॉक्टरांच्या हुकमानें जाळण्याच्या पोत्यांत जातो. कथेंत पुढें परी येते. खऱ्या घरांत परी येत नसे. मुंबई-पुण्याच्या जुन्या पिढ्यांस या रूढीची ओळख अधिक कठोरपणें झाली. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग प्रगटला व पुढच्या वर्षीं पुण्यांत तपासणीची धामधूम झाली, तेव्हां संशयित घरांतील कपडे व अंथरुणें बाहेर काढून जाळलीं गेलीं. रोग उंदरांवरील पिसवांमुळें पसरतो, हें पॉल-लुई सिमाँ यांनीं कराचींत १८९८ सालीं दाखविलें, त्यापूर्वींची ही हकीकत आहे.

जाळणें हा रोग्याच्या घरचा उपाय झाला. दुकानांतून नव्या कोऱ्या आणलेल्या गादीलाच वास येत असेल तर काय करावें? हा प्रश्न इंग्लंडांत विसाव्या शतकाच्या आरंभीं ऐरणीवर आला. चिंध्यांच्या भुग्याची तपासणी झाली, तेव्हां त्यांत ज्या घाणेरड्या वस्तूंचे अंश सांपडले त्यांची यादी जेवणाच्या वेळीं ऐकण्यासारखी नाहीं. अखेर १९११ सालीं पार्लमेंटनें ‘रॅग फ्लॉक ॲक्ट’ मंजूर केला. आतां अडचण अशी कीं, घाण मोजावी कशी? इन्स्पेक्टरच्या नाकावर खटला चालवितां येत नाहीं. एकाचें नाक तीक्ष्ण, दुसऱ्यास सर्दी झालेली. तेव्हां १९१२ च्या नियमांनीं एक फार चतुर तोड काढली. माणसाच्या घामांत व मूत्रांत मीठ असतें. न धुतलेल्या चिंध्यांत तें साठून राहतें. धुतलेल्यांतून निघून जातें. म्हणून निदान ४० ग्रॅम भुगा घ्यावा, तो शुद्ध केलेल्या पाण्यांत नीट धुवावा, आणि त्या पाण्यांत क्लोराइडच्या रूपानें किती क्लोरिन उतरला तें पाहावें. एक लक्ष भागांत तीस भागांहून अधिक आढळला तर माल अस्वच्छ, व विकणारा गुन्हेगार. दुर्गंधीचें मोजमाप मिठावरून करणारा हा कायदा विज्ञानाच्या इतिहासांत अधिक प्रसिद्ध असावयास हवा होता. त्यांतील उणीव उघड आहे: समुद्रांत बुचकळलेलें स्वच्छ धोतर या परीक्षेंत नापास होईल, आणि नुसत्या थंड पाण्यांत खळबळलेली रोगट चिंधी पास होईल. तरीपण चिंध्या धुणें कारखानदारास भाग पडलें, हें काम कायद्यानें केलें.

या कायद्यांत गाद्या होत्या, उशा होत्या, खुर्च्या-कोचांच्या बैठकी होत्या. खेळणीं नव्हतीं. गादीवर पडणारा माणूस व गादी यांमध्यें निदान एक चादर तरी असते. मूल अस्वलाचा कान सरळ तोंडांत घालतें. असें असूनहि मुलाच्या अस्वलाच्या पोटांत काय आहे, हें विचारण्यास कायद्यास आणखी चाळीस वर्षें लागलीं. १९५१ मध्यें जुना कायदा रद्द करून नवा आला, त्यांत भरणाच्या इतर द्रव्यांचाहि समावेश झाला आणि गाद्या, मुलांच्या ढकलगाड्या यांच्या ओळींत प्रथमच ‘खेळणीं’ हा शब्द आला. हा कायदा त्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून अमलांत आला.

त्याच वर्षीं, त्याच लंडन शहरांत, अगदीं उलट दिशेनें एक विचार मांडला गेला. मे महिन्यांत डोनल्ड विनिकॉट या बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषकानें ब्रिटिश मनोविश्लेषण सभेपुढें एक निबंध वाचला. लहान मूल एखादी चिंधी, दुपटें किंवा कापडी प्राणी जिवापाड जवळ बाळगतें, तें कां, हा त्याचा विषय. आईपासून मूल हळूहळू निराळें होतें तेव्हां मधली पायरी म्हणून तें त्या वस्तूचा आधार घेतें, असें त्याचें प्रतिपादन. आणि त्यांत त्यानें एक घरगुती निरीक्षण नोंदविलें: शहाणी आई ती वस्तु मळूं देते, तिला वासहि येऊं देते, कारण ती धुतली तर मुलाच्या अनुभवाचा धागा तुटतो व त्या वस्तूचें मुलास असलेलें मोलच नष्ट होण्याचा संभव असतो. मोठ्यांस जी दुर्गंधि, तीच मुलास ओळख. धुवून, सुगंधित करून आणलेलें अस्वल मूल हातांत घेतें, हुंगतें आणि ‘हें माझें नव्हे’ म्हणून आकांत करतें, याचा अनुभव अनेक घरांस असेल. मूल हट्टी आहे असें म्हणून तो प्रसंग बहुधा निभावून नेला जातो. वास्तविक मूल त्या क्षणीं सत्यच सांगत असतें.

कायदा म्हणतो स्वच्छ करा, विनिकॉट म्हणतो ओळख पुसूं नका. या दोहोंची सांगड व्यवहारांत कशी घालावी? येथें वास कशाचा आहे हें ओळखणें हीच अर्धी कामगिरी होय. सांडलेल्या दुधाचा आंबूस, खवट वास हा ब्यूटिरिक ॲसिडासारख्या आम्लांचा असतो. त्यावर खाण्याचा सोडा चालतो, कारण तो आम्लास बांधून टाकतो. कोरडा सोडा वरून चोळून, रात्रभर ठेवून, सकाळीं ब्रशानें झाडावा. मूत्राचा जुना वास अमोनियाचा असतो. जंतु मूत्रांतील यूरिया फोडून तो तयार करतात. त्याच्याशीं सोड्याचें जमत नाहीं. तेथें पाणी मिसळलेलें व्हिनेगर उपयोगीं पडतें. दोन्ही एकदम लावल्यास तीं एकमेकांसच मारतात व वास जागच्या जागीं राहतो. ही चूक फार घरांत होते, कारण फेंस आला म्हणजे काम झालें असें वाटतें. बुरशीच्या वासावर यांपैकीं काहींच मुख्य नव्हे. तेथें ओल घालविणें हाच उपाय. खेळणें धुवून वरून कोरडें दिसलें तरी पोट दाबून पाहावें. आंत गारवा लागला तर आणखी एक दिवस ऊन द्यावें. मुंबई-कोंकणच्या आषाढांत तर तें धुण्याचेंच टाळावें. लांकडी लोंकर भरलेलें जुनें अस्वल कुणाच्या संग्रहीं असेल, तर तें कधींहि पाण्यांत बुडवूं नये. साबणाच्या नुसत्या फेंसानें वरची लव पुसावी.

धुण्याजोगें खेळणें मुद्दाम करण्याची कल्पना वेल्समधील वेंडी बॉस्टन या बाईंच्या कारखान्यानें प्रत्यक्षांत आणली. १९५४ च्या सुमारास त्यांचें अस्वल यंत्रांत धुऊन, पिळून, पुन्हां मुलाच्या हातीं देतां येऊं लागलें; पोटांत लांकूड नाहीं, अंगावर नायलॉनची लव. पुढें पॉलिएस्टरनें सारा बाजार जिंकला. या धाग्याचा शोध व्हिनफील्ड व डिक्सन यांनीं १९४१ सालीं इंग्लंडांत लावला होता. तो पाणी शोषीत नाहीं म्हणून लवकर वाळतो. परंतु तेलकट द्रव्यें धरून ठेवतो, म्हणून घामाचा वास त्यास सोडावयास कंटाळा करतो. गरम पाणी व साबण यांस येथें पर्याय नाहीं.

१९६४ मध्यें हॉलंडांतील वोरहोर्स्ट व स्पीक्स्मा यांनीं घरच्या धुळीनें होणाऱ्या दम्याचें मूळ एका सूक्ष्म किड्यांत दाखविलें, तेव्हांपासून मऊ खेळण्यांवर नवा संशय आला. यास वास नसतो, हें विशेष. खेळणें पिशवींत घालून बर्फाच्या कपाटांत एक दिवस ठेवल्यास किडे मरतात. पण त्यांची विष्ठा, जी खरा त्रास देते, ती आंतच राहते व धुतल्यावांचून जात नाहीं. वासहि या थंडीनें जात नाहीं, केवळ गोठतो. १९९८ सालीं अमेरिकेंत फवाऱ्याचें एक द्रव्य बाजारांत आलें, त्यांत सायक्लोडेक्स्ट्रिन नांवाची पिठापासून केलेली शर्करा असते. तिचे रेणू कड्याच्या आकाराचे असून वासाचे कण त्या कड्यांत अडकतात. हें द्रव्य १८९१ पासून रसायनज्ञांस ठाऊक होतें. घरांत यावयास त्यास शंभर वर्षें लागलीं.

आजच्या खेळण्याच्या शिवणींत एक पांढरी पट्टी असते, तिच्यावर बहुधा ‘पीए’ अशा अक्षरांचा एक नोंदणीक्रमांक आढळतो. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया राज्यानें १९६१ सालीं भरलेल्या खेळण्यांसाठीं केलेल्या कायद्याची ती खूण. पोटांतील माल नवा आहे, चिंध्यांचा नाहीं, ही हमी त्या पट्टीवर असते. भारतांत १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर मानक संस्थेची खूण सक्तीची झाली. आय. एस. ९८७३ या मानकाच्या पहिल्या भागांत खेळण्यांतील द्रव्य स्वच्छ व किडींपासून मुक्त असावें, असें कलम आहे; आणि ती स्वच्छता भिंग न लावतां, उघड्या डोळ्यांनीं पाहून ठरवावयाची आहे. नाकाचा त्या कलमांत उल्लेख नाहीं, आणि मिठाचाहि नाहीं.